दोन खरी, एक खोटं

"दोन वाक्यं खरी सांगायची आणि एक खोटं," अर्पिता टीचर म्हणाल्या. "बाकीच्यांनी खोटं कुठलं ते ओळखायचं. कुणालाच ओळखता आलं नाही, तर सांगणारीला चॉकलेट."

आम्ही बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. भिंतीवर ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल आणि त्याखाली आम्ही बायका, पदर सावरत.

"खोटं बोलायचं कशाला शिकवताय टीचर?" हमीदाभाभी म्हणाल्या. "ते आम्हाला आधीपासनं येतंय की."

वर्ग खिदळला. मीसुद्धा हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले असेन.

तासगावात तेव्हा नवी इंग्रजी शाळा निघाली होती. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलांची मुलाखत होतीच, शिवाय आईबापांचीही होती. घरात इंग्रजी बोललं जावं असं शाळेचं म्हणणं होतं, म्हणून मुलाखतीआधी आयांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला होता. शिकवायला कोल्हापूरहून आलेल्या अर्पिता टीचर, कॉलेज संपवून नुकत्याच बाहेर पडलेल्या. फळ्यावर लिहून पाठ करून घेणं त्यांना मुळीच आवडत नसे. रोज काहीतरी खेळ. एकदा त्यांनी खरी भाजी आणून वर्गात मंडई मांडली आणि इंग्रजीतून घासाघीस करायला लावली. हमीदाभाभींनी "नो नो, टू मच, टू मच" करत टीचरना इतकं घायकुतीला आणलं की शेवटी टोमॅटो फुकटच घरी नेले.

मला तो वर्ग फार आवडायचा. दिवसभर बेदाण्याच्या शेडवर मान मोडून निवडायला बसायचं, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. संध्याकाळी हात धुऊन वर्गाला यायचं. आणि घरी गेलं की त्या दिवशीचा खेळ तेजलशी खेळायचा. माझी तेजल तेव्हा सहावं लागलेली. मला जे शब्द शिकायला आठवडा लागायचा ते ती भाकरी थापून होईतो तोंडपाठ करायची.

तिला त्या शाळेत घालायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. आणि त्यात एकच अडचण होती. शाळेच्या क्लार्कनं फॉर्म देतानाच सांगितलं होतं, "मुलाखतीला दोघंही लागतात. एकट्या बाईचं जरा अवघड आहे. उद्या फी कुणाकडं मागायची?"

तेजलचे पप्पा चाकणला कंपनीत होते, हे खरं होतं. ते दर शनिवारी घरी येतात, हे खोटं होतं. येऊन दीड वर्ष झालं होतं. चाकणमध्ये त्यानं दुसरं घर केलं होतं, हे मला त्याच्याच तोंडून फोनवर कळलं, आणि त्यानंतर त्यानं फोन नंबर बदलला. लोकांसमोर मी त्याला "हे" म्हणायचे. "हे आले होते", "ह्यांना सुट्टी नाही मिळाली". मनात काय म्हणायचे ते लिहीत नाही.

दर रविवारी सकाळी मी त्याचा एक मागे राहिलेला शर्ट धुऊन दारातल्या दोरीवर टाकायची. निळ्या चौकडीचा, पूर्ण बाह्यांचा. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा अगदी पुढे, माझ्या साड्यांच्या आणि तेजलच्या फ्रॉकच्याही पुढे. बाप्या माणूस घरात आहे, एवढं त्यातनं कळायचं. मला वाटायचं, काय डोकं चालवलंय मी. स्वतःवर खूश असायचे.

तर खेळ सुरू झाला. पहिली उठली उज्ज्वला माळी. तिचं घर कट्टर माळकरी.

"आय हॅव थ्री सिस्टर्स. आय लाइक फिश. माय मदर-इन-लॉ इज व्हेरी गुड."

"नंबर थ्री! नंबर थ्री!" सगळा वर्ग ओरडला.

"अगं, फिश!" उज्ज्वला लाल होत म्हणाली. "मी माळकरी न्हाई का! सासूचं खरं म्हणून सांगितलं हुतं."

"ते घरी जाऊन सांग," हमीदाभाभी म्हणाल्या, "आम्हाला नगं."

टीचरनाही हसू आवरेना. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी माझी तीन वाक्यं शेडवरच जुळवून ठेवली होती. बेदाणे निवडता निवडता ओठांत घोळवली होती. माझा हिशोब साधा होता. खोटं वाक्य असं ठेवायचं की कुणीही झटक्यात ओळखावं. म्हणजे बाकीची दोन आपोआप खरी ठरतील, चारचौघींसमोर. चॉकलेट मला नकोच होतं. मला ते एक वाक्य सगळ्यांकडून खरं म्हणवून घ्यायचं होतं, आणि मुलाखतीआधी ते न अडखळता म्हणायची सवयही व्हायला हवी होती.

मी उभी राहिले. "आय वर्क इन बेदाणा शेड. माय हजबंड कम्स होम एव्हरी सॅटर्डे. आय कॅन ड्राइव्ह अ ट्रॅक्टर."

एकदाही अडखळले नाही. टीचरनी "व्हेरी गुड!" म्हणून मान हलवली. मग सगळ्यांना विचारलं, "नंबर वन खोटं? हात वर करा."

एकही हात नाही.

"नंबर टू?"

उज्ज्वलाचा हात हळूच वर गेला. मग तिच्या शेजारणीचा. मग मागच्या रांगेतले. एकेक करून सगळे हात वर झाले. कुणी हसत नव्हतं. हमीदाभाभींनी उजवा हात वर केला आणि डावा माझ्या पाठीवर ठेवला.

"शाब्बास गं वनिता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सांगितलंस बाई एकदाचं."

मला कळायला जरा वेळ लागला. त्यांना वाटलं होतं, मी मुद्दामच सांगतेय. खेळाच्या निमित्तानं, इंग्रजीच्या आडून, जे तोंडानं निघत नव्हतं ते मी आज बाहेर काढलं. ट्रॅक्टर मला चालवता येत नाही हे कुणालाही दिसत होतं. पण खोटं एकच असतं हा खेळाचा नियम, आणि माझं खोटं कुठलं हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझ्यासाठी त्यांनी माझा ट्रॅक्टरसुद्धा खरा मानला होता.

तिथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मान हलवली असती तरी सगळं निभावलं असतं. उज्ज्वलाच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं.

"नो," मी म्हणाले. "नंबर टू इज ट्रू. नंबर थ्री इज फॉल्स."

हात खाली गेले. पाठीवरचा हातही निघाला. कुणी पदर नीट केला, कुणी वहीत बघायला लागलं. टीचर बाहेरगावच्या. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. "कुणालाच ओळखता आलं नाही! वनिताताई जिंकल्या!" आणि पर्समधून चॉकलेट काढून माझ्या हातात ठेवलं.

मी ते घेतलं. "थँक यू टीचर" असंही म्हणाले. मग उरलेला तास मी त्या बुटक्या खुर्चीवर बसून काढला. अंगावरचं लुगडं कुणी सर्वांदेखत ओढावं तसं मला वाटत होतं, आणि ओढणारी मीच होते. इतकी लाज मला तो गेला तेव्हाही वाटली नव्हती.

वर्ग सुटल्यावर मी झपाझप पाय उचलत निघाले. हमीदाभाभींनी मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. त्यांचं टायर पंक्चरचं दुकान तिथंच, आणि त्यांचं शेंडेफळ आरिफ तेजलबरोबर मुलाखतीला होता.

"वनिता, थांब की. राग आला व्हय?"

"कशाचा राग?"

"आमचा मुबारक टेम्पो घेऊन चाकणला जातोय. त्यानं बघितलंय त्यास्नी. बाई, लेकरू, समदं." त्या दम घ्यायला थांबल्या. "लई दिवस झालं त्याला."

"मग सगळ्या गावाला सांगितलंत?"

"म्या एका शब्दानं बोलले न्हाई. पण मुबारक काय माझ्या एकटीचा पुतण्या हाय का? तोंड हाय त्याला." त्यांनी माझं मनगट धरलं. "हे बघ, मुलाखतीला खरं सांगून टाक. मी येते तुझ्यासंगं आत. मी सांगते त्या प्रिन्सिपल बाईला, ही दिवसभर राबती, फी बुडवायची न्हाई."

"आणि सीट गेली तर?"

"जाईल. ते मी कसं सांगू."

"तुमचं काय जातंय म्हणायला! तुमचा नवरा हातभर लांब बसलाय दुकानात. तुम्ही तुमच्या घरचं बघा भाभी, माझ्या घरात नाक खुपसू नका."

त्यांनी मनगट सोडलं. दुकानातून त्यांच्या नवऱ्यानं मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली.

घरी तेजल पायरीवर बसून वाट बघत होती. चॉकलेट बघून उडालीच.

"कुणी दिलं?"

"खेळात जिंकले."

"कुठला खेळ? मला शिकव."

सांगायचं नव्हतं मला. पण ती काही सोडणारी नव्हती. चुलीवर तवा तापेपर्यंत मी तिला नियम सांगितला. दोन खरी, एक खोटं, समोरच्यानं ओळखायचं, ओळखता नाही आलं तर चॉकलेट. तिनं क्षणभर विचार केला आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"आय ॲम अ गर्ल. आय हॅव टू आइज. आय हॅव अ टेल."

"टेल खोटं."

"हं, हे सोपं होतं," ती म्हणाली. "मी अवघड करीन."

जेवणं झाल्यावर मुलाखतीची तयारी. ती रोजच चालायची. मी मॅडम व्हायची, ती तेजल.

"व्हेअर इज युवर फादर?"

"माय फादर वर्क्स इन चाकण. ही कम्स होम एव्हरी सॅटर्डे."

बिनचूक. हे वाक्य मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पप्पांना शनिवारी सुट्टी मिळत नाही, रात्री उशिरा येतात, तू झोपलेली असतेस, पहाटे जातात, असंही मीच तिला सांगत आले होते. ती कधी उलट प्रश्न विचारत नसे. मला वाटायचं, लहान आहे, तिला पटतंय.

मुलाखतीपर्यंत मी पुन्हा वर्गाला गेले नाही. आजारी आहे म्हणून निरोप धाडला.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात जोडपीच जोडपी. पुरुष इस्त्रीच्या कपड्यांत, बायका ठेवणीतल्या साड्यांत. उज्ज्वला नवऱ्याशेजारी बसली होती, तिनं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. हमीदाभाभी पलीकडच्या बाकावर. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि तेजलच्या वेण्यांच्या रिबिनी उगाचच पुन्हा बांधल्या.

आमचं नाव पुकारलं. आत आवटी मॅडम, प्रिन्सिपल. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. टेबलासमोर तीन खुर्च्या मांडलेल्या, एक आईला, एक बापाला, एक मुलाला. मी एका खुर्चीवर बसले, तेजलला पलीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली. जागा धरून ठेवल्यासारखी.

"मिस्टर?" मॅडमनी विचारलं.

"ही इज ऑन ड्यूटी, मॅडम. सडन ड्यूटी. ही कम्स होम एव्हरी सॅटर्डे."

त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं. झालं, मला वाटलं. एवढंच होतं. मग त्या तेजलकडे वळल्या, चष्मा काढला आणि हसल्या.

"टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ."

तेजल खुर्चीवरून उतरली. हात मागे बांधले. ती उभी कशी राहिली ते बघूनच मी तिला बसवायला हात पुढे केला, पण तोवर ती बोलायला लागली होती.

"माय नेम इज तेजल. आय लाइक बेदाणा. माय फादर कम्स होम एव्हरी सॅटर्डे."

"व्हेरी नाइस!"

"नाऊ यू टेल," तेजल म्हणाली. "विच वन इज फॉल्स?"

मॅडम खळखळून हसल्या. खेळ त्यांना माहीत असणार, त्यांच्याच शाळेतला. त्यांनी हनुवटीवर पेन टेकवून विचार केल्यासारखं केलं. "यू डोन्ट लाइक बेदाणा."

"राँग!" तेजलनं उडी मारली.

"ओ हो! देन युवर नेम इज नॉट तेजल!"

"राँग!"

मॅडमचं हसू तसंच राहिलं, पण आवाज थांबला. उरलं होतं एकच. त्यांनी तेजलकडे बघितलं, मग मधल्या खुर्चीकडे, पर्सकडे. माझ्याकडे त्या बघत नव्हत्या, आणि ते मला जास्त लागलं. मी साडीच्या काठावरचा एक धागा बोटाला गुंडाळत होते.

तेजल माझ्याकडे वळली. तिचा चेहरा आनंदानं फुललेला. तिनं खरंच अवघड केलं होतं आणि ती जिंकत होती.

"आई, मॅडमना येतच नाही. तू सांग ना."

मला अजूनही कधी कधी वाटतं, त्या वेळी मी बेदाणा म्हणाले असते तर? म्हणू शकले असते. आधी वर्गात म्हणालेच होते तसं. पण मग माझ्या पोरीला मॅडमसमोर मी खोटं पाडलं असतं, आणि खरं तर तिचंच खरं होतं.

"नंबर थ्री," मी म्हणाले.

"करेक्ट!" तेजलनं टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आम्ही आत आल्यापासून त्या पहिल्यांदाच मराठीत बोलल्या, अगदी हळू. "तेजल, तुला हे कुणी सांगितलं बाळा?"

"कुणीच नाही." तेजलनं खांदे उडवले. "आई दर रविवारी पप्पांचा शर्ट धुते. पण तो मळलेलाच नसतो."

मला रडू आलं नाही. रडले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी ड्रॉवर उघडला, चाचपून एक लिमलेटची गोळी काढली आणि तेजलच्या हातावर ठेवली. मग मला म्हणाल्या, "ती पर्स घ्या खाली. आणि फी कशी भरणार ते मला सांगा. मराठीत सांगा."

मी सांगितलं. शेडची मजुरी, रात्रीचं शिवणकाम, आईचा थोडा आधार. त्या लिहून घेत होत्या.

बाहेर आले तर हमीदाभाभी उठून उभ्या राहिल्या. "झालं?" मी मान हलवली. त्यांनी बाकावर सरकून जागा केली, आणि मी बसले. माफीही मागितली नाही मी तेव्हा. तेजल त्यांना गोळी दाखवत होती.

आठवड्यानं यादी लागली. तेजलचं नाव होतं, आरिफचंही. आज ती नाशिकला मुलांना शिकवते आणि तिच्या वर्गात रोज काहीतरी खेळ असतो. पण मला लिहायचंय ते यादीचं नाही. यादी लागायच्या आधीच्या रविवारचं लिहायचंय.

त्या सकाळी मी धुणं काढलं आणि शर्ट खुंटीवरच राहू दिला. मुद्दाम. मोरीत बसून तेजलचे फ्रॉक घासत होते, तेवढ्यात ती शर्ट हातात घेऊन आली.

"आई, हा विसरलीस."

"राहू दे. नाही धुवायचा आज."

"अगं, लोकं बघतात ना दोरीवर," ती म्हणाली. मोठ्या माणसानं समजावावं तशी. मग तिनं शर्टाकडे बघून जरा विचार केला, दारात गेली, खाली बसली आणि तो शर्ट अंगणातल्या मातीत दोन्ही हातांनी चांगला घासला. कॉलर, बाह्या, पाठ, सगळं. झटकून परत आणला आणि माझ्यापुढे धरला.

"हा घे. आता मळलाय. आता धू."